ही रेघ कुणाची?

शिरवळच्या बाजूला एका फाउंड्रीत मी निवृत्त होईपर्यंत लॅबमध्ये होतो. भोरहून रोज जाऊन-येऊन. काम सांगायला सोपं: भट्टीतला रस साच्यात पडण्याआधी त्यात काय काय आणि किती आहे ते बघायचं. फर्नेसवरचा पोरगा चमच्याने रस काढून तांब्याच्या साच्यात ओततो, त्याची बिल्ल्यासारखी चकती बनते. तिला आम्ही कॉइन म्हणायचो. ती पांढरी जमली पाहिजे. आत ग्राफाइट धरलं की कार्बनचा आकडा भरवशाचा राहत नाही. कॉइन थंड करून घासायची, स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडावर ठेवायची, आर्गॉन सोडायचा. आत तडतड ठिणगी पडते आणि थोड्याच वेळात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, मॅग्नेशियम असे आकडे ओळीने पडद्यावर येतात. तोवर भट्टीवरून दोनदा फोन आलेला असतो, कारण रस धरून ठेवला की मॅग्नेशियम उडून जातं.

त्या ठिणगीचा उजेड मशीनच्या आत फाकवला जातो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी पडतात, आणि रेघ जितकी तेजस्वी तितकं ते द्रव्य जास्त. पुस्तकात हे एवढंच असतं. प्रत्यक्षात लोखंडाच्या एकट्याच्याच रेघा हजारोंनी आहेत आणि त्या सगळीकडे घुसतात. मँगनीजची म्हणून जी रेघ आपण मोजतोय तिला शेजारची लोखंडाची रेघ खेटून बसलेली असते. आर्गॉनची नळी कुठे गळत असली की ठिणगीचा डागच सांगतो: नेहमीचा काळ्या कडेचा डाग न पडता पांढुरका, पसरट डाग पडतो. मग समोर आलेला आकडा लोखंडाचा नसतो, गळक्या नळीचा असतो. म्हणून पाळी सुरू झाली की आधी प्रमाणित नमुने जाळून मशीन जागेवर आणायचं, मग कामाचं बोलायचं. मला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, आकडा वाचण्याआधी विचार, ही रेघ कुणाची.

ताऱ्यांकडे मी वळलो तो वेल्ह्यात. उन्हाळ्याआधीच्या अमावास्येला पुण्याची हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन या भागात येतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिच्यामुळे हा नाद शहरात मुरलेला आहे. आमच्या मामांच्या शेतावर, केळदच्या रस्त्याला, एका गटाने मुक्काम टाकला होता. मी पाणी पोचवायला गेलो आणि तिथेच रात्र काढली. त्यातल्या एकाने दुर्बिणीच्या नेत्रिकेपुढे काचेची लहानशी जाळी बसवली होती, एका मिलिमीटरमध्ये १०० रेघा आखलेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याध दिसत होता आणि त्याच्या शेजारी एक आडवी रंगीत पट्टी, म्हणजे त्याचा वर्णपट. पट्टीत ठरावीक अंतरावर काळे काप: लाल भागात एक, निळ्या-हिरव्यात एक, पुढे जांभळ्याकडे जवळजवळ येत गेलेले. तो मला समजावून सांगायला लागला, पण मला ते समजावायची गरज नव्हती. ६५६३, ४८६१, ४३४१ अँगस्ट्रॉम. हायड्रोजन. दिवसभर मी जे करायचो तेच हा करत होता. माझ्याकडे ठिणगी हातभर अंतरावर होती, त्याच्याकडची साडेआठ प्रकाशवर्षांवर.

तशी जाळी मी महिन्याभरात मागवली. दुर्बीण आठ इंची, जुनी, पुण्यातल्या एकाने विकलेली. पहिल्या हिवाळ्यात मी दिसेल त्या ठळक ताऱ्याची पट्टी काढत सुटलो. चित्रेची जवळजवळ कोरी, हायड्रोजनचे काप बारीक, कारण तो तारा इतका तापलेला आहे की हायड्रोजनचे बहुतेक अणू फुटलेलेच. व्याध आणि अभिजित दहा हजार अंशांच्या आसपासचे, तिथे तेच काप सर्वात रुंद. स्वातीच्या पट्टीत बारीक रेघांची नुसती गर्दी. काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, आणि ज्येष्ठा यांच्या पट्टीत रेघांऐवजी रुंद खड्डे. हे टायटॅनियम ऑक्साइडचे. धातू आणि ऑक्सिजन जोडीने टिकतात, याचा अर्थ तिथलं तापमान साडेतीन हजारांच्या घरात. आमच्या भट्टीतला रस चौदाशे-पंधराशे अंशांचा असतो, त्यामुळे हा आकडा मला पहिल्यांदा ओळखीच्या घरातला वाटला.

दक्षिणेला अगस्त्याच्या डावीकडे, क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंशांवर, शीड तारकासमूहातला गॅमा तारा येतो. बघायला साधाच. त्याची पट्टी काढली तर काळ्या रेघांच्या जागी पेटलेल्या रेघा, कार्बनच्या आणि हेलियमच्या. या ताऱ्याने स्वतःची हायड्रोजनची साल वाऱ्यावर उडवून टाकली आहे आणि आतला शिजलेला भाग उघडा पडला आहे. फ्रान्स-जर्मनीत राहणाऱ्या हौशी लोकांना हा क्षितिजावर येतच नाही. आपण अठरा अंशांवर राहतो याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

हे सगळं छान चाललं होतं, पण प्रत्येक पट्टीत काही काप सारखेच होते. तारा कुठलाही घ्या, तांबडा की निळा, ७६०० च्या आसपास एक खोल खड्डा आणि ६८७० ला त्याचा धाकटा भाऊ. लॅबमधल्या सवयीने पहिला संशय हाच आला की हे माझंच काहीतरी आहे. ते हवेचं निघालं. ऑक्सिजन. फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्याच्या पट्टीतल्या पाचशेवर रेघा टिपल्या आणि ठळक रेघांना अक्षरं दिली, त्यातल्या ए आणि बी या सूर्याच्या नाहीतच. त्या आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या आहेत. पाण्याच्या वाफेच्या रेघाही असतात, ७२०० च्या आसपास आणि थोड्या ६५०० च्या पुढे, हायड्रोजनच्या लाल रेघेला अगदी खेटून. डिसेंबरात वेल्ह्याची हवा कोरडी असते तेव्हा त्या फिकट. मे महिना संपत आला, खालून कोकणातून घाटमाथ्यावर दमट वारं चढायला लागलं, की त्याच ताऱ्याच्या पट्टीत त्या रेघा खोल जातात. मामा सकाळी विचारायचे, "काय म्हणतोय पाऊस?" आणि मी त्यांना खरंच काहीतरी सांगू शकायचो.

मार्च-एप्रिलचा त्रास वेगळा. भातखाचरांत राब भाजतात, डोंगरांवर वणवे लागतात, संध्याकाळी सगळ्या खोऱ्यात धुराचा थर. धूर रेघ उमटवत नाही. तो निळा भाग खातो आणि गोरापान तारा पिवळट करून दाखवतो. पट्टीच्या रंगावरून तापमान काढायला गेलात की फसलात. म्हणून त्याच रात्री, त्याच उंचीवरचा, ज्याचं सगळं आधीच माहीत आहे असा तारा सोबतीला घ्यायचा आणि दोघांची तुलना करायची. लॅबमधला प्रमाणित नमुना म्हणतात तो हाच.

आणि पुण्याचा उजेड. वेल्ह्यातून ईशान्येला तो कायम दिसतो. सुरुवातीला त्या उजेडाची पट्टी काढली तर रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा पिवळा भाग आणि पाऱ्याची ५४६१ ची हिरवी रेघ स्पष्ट उमटायची. दिवे वाईटच, पण त्यांच्या रेघा जागच्या जागी होत्या, वजा करता यायच्या. आता एलईडी आले. त्यांच्या पट्टीत साडेचार हजारांजवळ निळा उंचवटा आणि पुढे तांबड्यापर्यंत सलग पसरलेला उजेड. वजा काय करणार? वीज वाचते हे खरं, ग्रामपंचायतीला बिल परवडतं हेही खरं. पण दिव्याला वरून टोपी घालायला आणि थोडा पिवळसर दिवा लावायला जास्तीचा खर्च नाही, आणि तेवढंही कुणी करत नाही याचा मला राग आहे.

हवा वजा केली, दिवे वजा केले, तरी उरलेलं सगळं ताऱ्याचंच असतं असं नाही. मृगाच्या पोटातला जो तीन ताऱ्यांचा बाण आहे, गावात त्याला तिकांडं म्हणतात, त्यातल्या डेल्टा ताऱ्याची गोष्ट आहे. तो एकटा नाही, जोडी आहे, आणि साधारण पावणेसहा दिवसांत एकमेकांभोवती फिरते. त्यामुळे त्याच्या रेघा पुढे-मागे सरकत राहतात. जर्मनीत पॉट्सडामला हार्टमान नावाचा माणूस १९०४ मध्ये हे मोजत असताना त्याला दिसलं की कॅल्शियमची एक बारीक रेघ मात्र हलत नाही. बाकीच्या सगळ्या नाचतात, ही खांबासारखी उभी. मग ती ताऱ्याची नव्हेच. तारा आणि आपण यांच्या मधल्या पोकळीत जो विरळ वायू आहे, त्याची ती. अवकाश रिकामं नाही याचा हा पहिलाच पक्का पुरावा, आणि तो कुठल्या नव्या दुर्बिणीने दिला नाही. एक रेघ बाकीच्यांबरोबर हलत नव्हती, एवढंच ज्याने मनावर घेतलं त्याला तो मिळाला.

'ही रेघ कुणाची' याच प्रश्नावर आपल्याकडे एक दंतकथा झाली आहे. विजयदुर्गला गेलात तर किल्ल्यावरचे चौथरे दाखवून सांगतात, लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इथे हेलियम शोधला. पण हा इंग्रज ज्योतिर्विद लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडात होता. त्या ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपट बघत होता. लॉकियरने ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेची पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमच्या जोडरेघेला इतकी जवळ आहे, ५८९० आणि ५८९६ यांच्या शेजारी ५८७६, की सोडियमचीच समजून सोडून देणं सोपं होतं. ती सोडियमची नाही, ओळखीच्या कुठल्याच द्रव्याची नाही, असं म्हणायची त्याने हिंमत केली. जमिनीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झीला. लॉकियर विजयदुर्गला आला हे मात्र खरं आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मी हे तिथे सांगून पाहिलं, कुणाला आवडलं नाही.

त्याच १८९८ च्या ग्रहणात पुण्याचा एक माणूस सोलापूरच्या वाटेवर जेऊरला तळ ठोकून होता: कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. वीस इंची आरशाची दुर्बीण, वर्णपट घेण्याची साधनं, सगळं होतं. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद. सामान कोडाईकनालला गेलं. आज त्या कॉलेजला आपण सीओईपी म्हणतो. तिथे शिकलेले कितीतरी इंजिनियर मला कामात भेटले, त्यांच्यापैकी कुणाला हे नाव माहीत नव्हतं. पुणे जिल्ह्यात पुन्हा वर्णपट घेणारी मोठी दुर्बीण आली ती २००६ मध्ये, आयुकाची, गिरवलीला, दोन मीटर व्यासाची.

नोकरीतली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा कळले. एका महिन्यात कास्टिंग सारखी नापास व्हायला लागली. मॅग्नेशियम बरोबर, कार्बन बरोबर, पण मायक्रोस्कोपखाली ग्राफाइटचे गोळे बनायच्या जागी वेडेवाकडे आकार. वरचे साहेब रिपोर्ट नाचवत म्हणाले, सगळं तर बसतंय, भेसळ कसली नाही. मी म्हटलं, साहेब, रिपोर्टमध्ये शिशाचा रकानाच नाही. आमच्या मशीनला शिशाची रेघ मोजायची सोयच दिलेली नव्हती. आठवडाभर त्यांनी ते ऐकलं नाही. शेवटी नमुना बाहेरच्या लॅबला गेला आणि शिसं निघालं, भंगारातून आलेलं. फार नाही, पण ग्राफाइट बिघडवायला पुरेल इतकं.

सूर्याच्या बाबतीत जगाने हेच केलं होतं. सूर्याच्या पट्टीत कॅल्शियम आणि लोखंडाच्या रेघा जाडजूड, म्हणून सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा असणार अशी समजूत होती. साहांनी १९२० मध्ये दाखवलं की तापमान आणि दाबाप्रमाणे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे ठरतं, आणि रेघेची जाडी त्यावर अवलंबून असते. नुसत्या जाडीवरून माल किती ते सांगता येत नाही. हार्वर्डला सेसिलिया पेन या तरुण मुलीने हे सूत्र धरून हिशेब केला आणि १९२५ च्या प्रबंधात उत्तर आलं: ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियम बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट. प्रिन्स्टनच्या ज्येष्ठ ज्योतिर्विद रसेलना ते पटलं नाही आणि तिला प्रबंधातच लिहावं लागलं की हा आकडा जवळजवळ नक्कीच खरा नाही. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर आले. तिचं ते वाक्य मी वाचलं तेव्हा मला आमचा तो आठवडा आठवला. फरक इतका की तिच्यापुढे रसेल होते.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावायला लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येईल इतका उतरला. तिकांड्याच्या वरचा तांबडा तारा समोरच्या राजन्याच्या, म्हणजे रायजेलच्या, जवळपासही राहिला नव्हता. वर्तमानपत्रांत तो फुटणार असं छापून आलं. भोरमध्ये चहाच्या टपरीवर मला लोक विचारायला लागले, कधी फुटतोय? माझ्याकडे आधीच्या हिवाळ्यातल्या त्याच्या पट्ट्या होत्या. तारा थंड पडल्यामुळे मंद झाला असेल तर टायटॅनियम ऑक्साइडचे खड्डे बरेच खोल जायला हवेत. मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. माझ्या साध्या जाळीला बारीक फरक दिसत नाही, पण मोठा फरक नव्हता हे दिसत होतं. मार्चमध्ये अमेरिकेतल्या लेव्हेक आणि मॅसी यांचं काम बाहेर आलं: तापमान ३६०० अंश, २००४ मध्ये ३६५० होतं. एवढ्याशा उतरणीने तारा इतका मंद होत नाही, म्हणजे मधे धूळ आली. पुढच्या वर्षी आणखी एका गटाने धूळ आणि ताऱ्याच्या पृष्ठभागाचा थंडावलेला भाग दोन्ही मिळून हे झालं असं मांडलं. टपरीवर मी सांगितलं, फुटत नाही, धूळ आहे. लोकांचा विरस झाला.

आमच्या भागाची एक अडचण कुणाला सांगून पटत नाही. आकाशातल्या मोठ्या घटना ऑगस्टात होतात. १४ ऑगस्ट २०१३ ला धनिष्ठा नक्षत्रात नवतारा सापडला, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका वाढला. ८ ऑगस्ट २०२१ ला भुजंगधारीतला आरएस ओफियुकी भडकला. जगभरच्या हौशी लोकांनी रोज पट्ट्या काढल्या. वेल्ह्यात त्या वेळी तोरणा कुठे आहे हेसुद्धा दिसत नाही. खाचरात गुडघाभर पाणी आणि छपरावर पाऊस. मी मोबाइलवर दुसऱ्यांचे आलेख बघत बसलो.

म्हणून मी न भडकणारा, सावकाश चालणारा तारा धरला. अनुराधा नक्षत्रातला मधला, डेल्टा स्कॉर्पी. २००० साली अर्जेंटिनातल्या ओतेरो नावाच्या हौशी निरीक्षकाने नुसत्या डोळ्यांनी ओळखलं की हा नेहमीपेक्षा उजळ आहे. गरागरा फिरणाऱ्या या ताऱ्याने वायू बाहेर फेकून स्वतःभोवती चकती धरली होती. चकती असली की हायड्रोजनची लाल रेघ काळी न राहता पेटते. त्याचा जोडीदार लांबट कक्षेतून पावणेअकरा वर्षांच्या आसपास एकदा जवळ येतो: २०००, २०११, २०२२. जवळ आला की चकतीचं काय होतं ते बघायला मोठ्या दुर्बिणींना वर्षानुवर्षं वेळ देता येत नाही. ते काम हौशी लोक करतात आणि आपले आलेख पॅरिस वेधशाळेच्या संग्रहात ठेवतात.

त्यासाठी जाळी पुरत नाही, फटीतून उजेड घेणारं यंत्र लागतं. फ्रान्सच्या क्रिस्तियान ब्यूल यांनी थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल असा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. भाग पुण्यात छापून घेतले. रेघा जागेवर बसवायला निऑनचा दिवा हवा. तो मला घरातल्या स्विचबोर्डाच्या लाल इंडिकेटरात मिळाला. त्याच्या ६४०२ आणि ६५०६ च्या रेघा कुठल्याही महागड्या दिव्याइतक्याच चोख. या यंत्राने मी रोहिणीचीही लाल रेघ मोजली, एकदा ऑक्टोबरच्या पहाटे आणि पुन्हा मार्चच्या संध्याकाळी. दोन्हींत सेकंदाला पन्नास किलोमीटरच्या आसपास फरक आला. रोहिणी काही चार-पाच महिन्यांत वेग बदलत नाही. पृथ्वी आधी तिच्याकडे चालली होती, नंतर तिच्यापासून लांब. मामांना सांगितलं, आपण धावतोय ते मोजलं. ते म्हणाले, "मग बसल्याजागी दमतोय ते उगंच न्हाई."

डेल्टा स्कॉर्पीचा जोडीदार पुन्हा जवळ येईल तो २०३३ च्या सुरुवातीला. वृश्चिक तेव्हा पहाटे उगवतो, हवा कोरडी असते, राब भाजायला अजून वेळ असतो. आमच्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. माझ्या गुडघ्यांची खात्री देता येत नाही, म्हणून गावातल्या एका मुलीला शिकवायला घेतलंय. झेडपीच्या शाळेत सीडीच्या तुकड्याचा आणि खोक्याचा वर्णपटदर्शक बनवायचा कार्यक्रम मी करायचो, चुलीच्या जाळात मीठ टाकून पिवळी रेघ दाखवायचो, तेव्हापासून ती चिकटलेली आहे. आता अकरावीत आहे. फोकस माझ्यापेक्षा बारीक लावते. फक्त निऑनच्या फाइलला नाव द्यायला विसरते, आणि सकाळी आम्ही दोघं कुठली पट्टी ताऱ्याची आणि कुठली स्विचबोर्डाची ते शोधत बसतो.